न्यूझीलंडला "इन्फ्रास्ट्रक्चर रिस्क आणि रेझिलियन्स" शिकायला जावं का? कोणाला अनुभव?

वाशिष्ठी_९५ :

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी चिपळूणची. सिव्हिल, आधी डिप्लोमा मग डिग्री, आणि गेली सहा वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामांवर. म्हणजे जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), रायझिंग मेन (पाणी वर चढवणारी लाईन), उंच टाक्या, व्हॉल्व्ह चेंबरमध्ये कोण उतरणार यावरून भांडणं वगैरे. काम आवडतं. पण २०२१ च्या पुरापासून डोक्यात एक किडा शिरलाय तो काही जात नाही.

२२ जुलैला आमच्या बाजारपेठेत पाणी भरलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेलच. आम्ही वरच्या मजल्यावर म्हणून निभावलो, खाली बाबांचं स्टेशनरीचं दुकान होतं ते गेलं, वह्यांचा लगदा फावड्याने ओढून काढला. ते असो. पाणी ओसरल्यावरचं सांगते. सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही. का, तर मी ज्या योजनेवर होते तिथल्या पंपहाऊसचं पॅनेल बुडालेलं. ते धुऊन वाळवायचं तर वीज नाही. जनरेटर मिळाला तर डिझेल नाही, कारण पेट्रोलपंपावरची मशीनं पण विजेवरच चालतात हे त्या दिवशी सगळ्यांना एकदम आठवलं. पॅनेलवाला माणूस यायचा होता कराडहून, घाटाचा रस्ता धड नाही, आणि निघाला का हे विचारावं तर टॉवरची बॅटरी संपलेली. गुडघाभर चिखलात उभी राहून मला हसूच आलं. ह्याचं त्याच्याकडे अडलेलं, त्याचं आणखी कोणाकडे, आणि शेवटच्याचं परत आमच्याकडेच, कारण पेट्रोलपंपवाला विचारत होता की पाणी कधी येणार!

तर नंतर शोधताना कळलं की ह्याच विषयाचा अभ्यास असतो, म्हणजे एक पूल किंवा एक पंप नाही तर कशावर काय अवलंबून आहे आणि एक गेलं की पाठोपाठ काय काय जातं, ह्याचा. हादरा बसूनही चालू राहणं, लवकर सावरणं, ह्याला म्हणे रेझिलियन्स म्हणतात. न्यूझीलंडचं नाव सारखं समोर येतंय. तिथे कोणी शिकलंय का? नुसतं थिअरी आहे की हाताला काही लागतं? एवढ्याशा देशात शिकून इथे परत आल्यावर उपयोग काय? (मला परत यायचंय, हे आधीच सांगते.) आणि वय २९ आहे, उशीर झालाय का? आईचं म्हणणं, "भूकंप शिकायला भूकंपातच जाऊन राहायचं काय गं?" ह्यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

दक्षिणवारा :

आईंना सांगा, पोहायला शिकायचं तर विहिरीतच उतरावं लागतं. :)

मी क्राइस्टचर्चला शिकलो, आता वेलिंग्टनला एका कौन्सिलमध्ये पाण्याच्या पाईपांचं बघतो, म्हणजे तुमचाच धंदा. मूळचा मिरजेचा, त्यामुळे पुराचं मला नवीन नाही. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी कुठे काय ते. क्राइस्टचर्चला कँटरबरी विद्यापीठ, तिथे डिझास्टर रिस्क अँड रेझिलियन्सचं मास्टर्स आहे, आणि इंजिनिअरिंगच्याच बाजूने जायचं तर भूकंप अभियांत्रिकीचं वेगळं. ऑकलंड विद्यापीठात डिझास्टर मॅनेजमेंट आहे. मॅसी विद्यापीठाचं आपत्ती संशोधन केंद्र इथे वेलिंग्टनमध्ये आहे, तिथे कल माणसांकडे जास्त, म्हणजे इशारा दिला तर लोक ऐकतात का, का नाही ऐकत. तुम्ही पाईपातल्या, तुम्हाला क्राइस्टचर्च सूट होईल असं माझं मत, त्यात माझा पक्षपात धरून चाला.

नुसतं थिअरी का, तर नाही. पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हाला वर्गात बसवलंच नाही, एव्हन नदीकाठच्या रेड झोनमध्ये नेलं. ४ सप्टेंबर २०१० ला पहाटे तिथे ७.१ चा भूकंप झाला, शहराबाहेर, त्यात थेट कोणी गेलं नाही आणि सगळ्यांना वाटलं सुटलो. मग २२ फेब्रुवारी २०११, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटं. रिश्टरच्या भाषेत आधीच्यापेक्षा लहान, पण शहराच्या जवळजवळ खाली आणि उथळ. १८५ माणसं गेली, त्यातली ११५ एकाच इमारतीत, सीटीव्ही बिल्डिंगमध्ये. त्या इमारतीत इंग्रजी शिकवणारी शाळा होती, गेलेल्यांत बाहेरदेशातून आलेली शिकणारी मुलं बरीच होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्या जागेसमोर उभं राहिल्यावर आमच्या वर्गातली आम्ही बाहेरची पोरं जरा जास्तच गप्प झालो होतो.

रेड झोन म्हणजे नदीकाठची ती सगळी वस्ती, हजारो घरं, सरकारने विकत घेऊन पाडून टाकली, कारण खालची जमीनच बिघडली. तिथे चालताना रस्ता आहे, फुटपाथ आहे, गाडी आत घ्यायला फुटपाथला केलेला उतार आहे आणि त्या उताराच्या पुढे घर नाही, गवत. कोणाच्या परसातलं प्लमचं झाड तसंच आहे, लोक येऊन फळं काढून नेतात. कुंपणाची झुडपं रांगेत उभी, त्यावरून कळतं इथे एकाचा प्लॉट संपून दुसऱ्याचा सुरू व्हायचा.

लिक्विफॅक्शन तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. गुहागरला ओल्या वाळूवर उभं राहून पायाने थोपटत राहा, थोड्या वेळाने पाणी वर येतं आणि पाय खचतो, बस्स, तेच, पण अख्ख्या उपनगराखाली. रस्त्यावर राखाडी गाळ उसळून आला, चार लाख टन. विद्यापीठातल्या पोरांनी फेसबुकवर एकमेकांना बोलावून फावडी घेऊन तो उपसला, त्या 'स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मी'चं नाव तिथे आजही निघतं.

आता आपलं पाईपांचं. चिनी मातीच्या, एसीच्या (ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या) आणि बिडाच्या जुन्या लाईनी जॉइंटला तुटल्या. पॉलिथिलीनच्या लाईनी वाकल्या आणि टिकल्या. हे ऐकायला सोपं आहे, पण खरी गंमत ड्रेनेजची. पाण्याची लाईन प्रेशरवर चालते, फुटली तर क्लॅम्प मारून चालू करता येते. ड्रेनेज चालतं उतारावर. जमीन कुठे खचली कुठे उचलली, म्हणजे पाईप न फुटताही उतारच उलटा झाला. मॅनहोल तर रस्त्यातून वर तरंगून आले, टेबलासारखे उभे. नळाला पाणी आलं तरी फ्लश करू नका म्हणून सांगायची वेळ, रस्त्यारस्त्यावर पोर्टेबल संडास. नंतर काही भागांत उतारावरचा नाद सोडून व्हॅक्यूमने ओढणारं ड्रेनेज टाकलं.

आणि ज्या गोष्टीमुळे मी ह्या क्षेत्रात राहिलो ती सांगतो. तिथल्या वीज वितरण कंपनीने, ओरायनने, भूकंपाच्या कितीतरी आधीपासून आपल्या सबस्टेशनच्या जुन्या विटांच्या इमारती हळूहळू बांधून-ताणून घेतल्या होत्या. ट्रान्सफॉर्मर पायाला पक्के करणं, भिंतींना आतून लोखंडाच्या फ्रेम, असली कंटाळवाणी कामं, ज्याचं कोणी उद्घाटन करत नाही. खर्च साधारण ६० लाख डॉलर. भूकंपानंतर हिशेब केला तर वाचलेलं नुकसान सहा कोटींच्या पुढे. दहापट! आणि हे सुचलं कसं, तर १९९० च्या दशकात क्राइस्टचर्चमधल्या वीज, पाणी, फोन, रस्ते, बंदर सगळ्यांच्या इंजिनिअरांनी एका टेबलाभोवती बसून "मोठा हादरा बसला तर तुझं काय मोडेल, आणि त्यामुळे माझं काय अडेल" हे एकेका ठिकाणावर बोट ठेवून लिहून काढलं होतं. तुम्ही चिखलात उभं राहून जी साखळी बघितलीत ना, ती त्यांनी चिखल यायच्या आधी कागदावर बघितली. सगळं वाचलं असं नाही हं, जमिनीखालच्या ६६ केव्हीच्या केबली लिक्विफॅक्शनने तुटल्याच, मग घाईने खांब उभारून वरून तात्पुरती लाईन ओढली.

ह्या मंडळींना इथे लाइफलाइन्स ग्रुप म्हणतात, आणि २००२ च्या कायद्यात लिहिलंय की वीज, पाणी, फोन, रस्ते, बंदर, विमानतळ, इंधन ह्या सगळ्यांनी आपत्तीत आणि नंतर चालू राहिलं पाहिजे, पूर्ण नाही तर कमी ताकदीने का होईना. खाजगी असा की सरकारी.

बाकी उद्या लिहितो, पोरगं उठलं.

जुना_फीडर :

वाचलं. चांगलं लिहिलंय. पण मी जरा वाकडं बोलणार आहे, राग मानू नये.

मी वीज खात्यातून २०१६ ला निवृत्त. माझं बालपण पाटणचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, फळीवरची सगळी पितळी एकदम खाली आली तो आवाज अजून कानात आहे. आजीने आम्हा तिघांना ओढत अंगणात नेलं आणि सकाळ होईपर्यंत कोणाला आत जाऊ दिलं नाही. कोयनेची वीज तेव्हा थेट मुंबईला जायची, म्हणजे हादरा बसला आमच्या डोंगरात आणि दिवे गेले मुंबईचे. धरणाला नंतर मागून काँक्रीटचे टेकू देऊन भक्कम केलं, आजही जाऊन बघता येतं. आणि ताई, कोयनेचं पोफळीचं पॉवरहाऊस तर तुमच्याच तालुक्यात! तेव्हा "एकाचं मोडलं की दुसऱ्याचं अडतं" हे कळायला समुद्र ओलांडून जायची गरज आहे का? आम्ही मास्टर्स न करता चाळीस वर्षं हेच निस्तरलं.

आता वाकडं बोलून झालं, खरं बोलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात घुसलं तेव्हा मी निवृत्त होतो, पण ओळखीच्या साहेबाचा फोन आला, "काका, अमुक गावच्या पाणी योजनेला विजेचा फीड कुठून आहे?" नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या तारांवर आडव्या झालेल्या, कुठली लाईन आधी उभी करायची हेच कळेना. मला आठवत नव्हतं. त्या भागातला एक वायरमन होता, त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं की कुठला डीपी (ट्रान्सफॉर्मर), कुठला गँग स्विच (लाईन बंद-चालू करायचा). तो २०१८ ला वारला. म्हणजे आमचा नकाशा होता, पण तो एका माणसाच्या डोक्यात होता.

तेव्हा जा. पण येताना सॉफ्टवेअर घेऊन येऊ नका, ते टेबल घेऊन या.

बाजूचा_बाक :

काका __/\__

हिशेबी_मावशी :

इथे सगळे विद्वान लिहितायत, मी पैशांचं बोलते, नाहीतर कोणीच बोलणार नाही.

ऑकलंडला अकरा वर्षं आहे, अकाउंट्समध्ये. ताई, पहिलं म्हणजे एजंटच्या नादी लागू नका. विद्यापीठाच्या साइटवर थेट अर्ज होतो, आणि एजंट तुम्हाला ज्या कोर्सचं कमिशन त्याला मिळतं तिथे ढकलतो, माझ्या भाचीला कुठल्यातरी 'बिझनेस डिप्लोमा'ला घातलं होतं, आली होती एन्व्हायर्नमेंट शिकायला. फीशिवाय राहण्याखाण्यासाठी वर्षाला २०,००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात व्हिसाला. दाखवायला हां, ऑकलंडला तेवढ्यात राहून दाखवा मग बोलू. क्राइस्टचर्चला भाडं त्यामानाने बरं. शिकताना किती तास काम करता येतं तो नियम बदलत असतो, सरकारी इमिग्रेशनच्या साइटवर बघा, व्हॉट्सॲप फॉरवर्डवर नाही.

दुसरं, नोकरी. २०२४ पासून इथला बाजार थंडच आहे, सरकारी खात्यांतून माणसं कमी केलीत. "शिकली की लगेच लागते" हे कोणी सांगितलं तर त्याला विचारा तुझी कधी लागली. परत जायचंय म्हणताय ते एका अर्थी बरंय, पण मग कर्ज रुपयांतल्या पगारातून फेडायचंय हे वहीत मांडून बघा, आकडा लाल दिसला तर आधी स्कॉलरशिप शोधा, मग बाकीचं.

२९ ला उशीर वगैरे काही नसतं, माझ्या शेजारी पन्नाशीची बाई नर्सिंग शिकतेय.

आणि हो, रेझिलियन्स का काय ते मला पण थोडं कळतं. २७ जानेवारी २०२३ ला इथे जो पाऊस पडला त्यात माझ्या गॅरेजमध्ये कमरेएवढं पाणी. विमानतळाच्या टर्मिनलमध्ये पाणी, एल्टन जॉनचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द, लोक पावसात स्टेडियमबाहेर. दुसऱ्या दिवसापासून इन्स्पेक्टर घरोघर फिरून कागद चिकटवायला लागले, लाल म्हणजे आत जायचं नाही, पिवळा म्हणजे बेताने. आमच्या दारावर पिवळा लागला. तीन महिने येताजाता तो पिवळा कागद बघायचा, हळदीकुंकवाला बायका येऊन विचारायच्या हे काय. मुंबईची मी, २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला होते, त्या दिवशीचा ९४४ मिलिमीटर अंगावर घेतलेला. पण तेव्हा घरावर कोणी येऊन कुठल्याच रंगाचा कागद लावला नव्हता, सोमवारी सगळे कामावर. कुठलं बरं ते तुम्ही ठरवा.

निहोंगो_वेडा :

थोडं अवांतर, पण बेटंच बघायची असतील तर जपान का नको? ६ सप्टेंबर २०१८ ला होक्काइदोला भूकंप झाला, तोमातो-आत्सुमा नावाचं एक मोठं औष्णिक केंद्र बंद पडलं आणि पाठोपाठ अख्ख्या बेटाची वीज गेली, जवळपास ३० लाख ग्राहक अंधारात. एक केंद्र, पूर्ण बेट. त्याच्या दोनच दिवस आधी ओसाकाला वादळात एक टँकर वाहत येऊन कान्साई विमानतळाच्या पुलावर आदळला, विमानतळ समुद्रात भराव घालून केलेला, पूलच काय तो रस्ता, हजारो लोक आत अडकले. आणि नोतोचा १ जानेवारी २०२४ चा भूकंप तर तुमच्या पाण्याच्याच विषयाचा, काही गावांना नळाचं पाणी यायला महिने लागले, द्वीपकल्प असल्याने आत जायला रस्ते मोजके आणि तेच खचलेले. क्योतो विद्यापीठाची आपत्ती प्रतिबंध संशोधन संस्था ह्यात फार जुनी. सरकारी मेक्स्ट स्कॉलरशिप मिळाली तर मावशींच्या वहीतला लाल आकडा काळा होतो.

अडचण एकच, भाषा. इंग्रजीत कोर्स आहेत, पण नगरपालिकेच्या पाणी खात्यातला माणूस तुमच्याशी जपानीतच बोलणार, आणि सगळं शिकण्यासारखं त्याच्याकडेच असतं. जुना फीडर काकांचा वायरमन इथेही आहे.

वाशिष्ठी_९५ :

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, कोयनेचं ऐकून त्यांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या, त्या परत कधीतरी.

काका, तुमचा वायरमन वाचून पोटात खड्डा पडला, कारण आमच्याकडचे व्हॉल्व्ह कुठे पुरलेत हे फक्त एका फिटरमामांना माहितीये आणि त्यांना शुगर आहे.

दक्षिणवारा, "बाकी उद्या" म्हणालात, तो उद्या कधी उजाडणार? :) आणि एक विचारायचंय, बेट असल्यामुळे असा काय फरक पडतो? आमचं चिपळूण पण पुरात बेटच झालं होतं की.

दक्षिणवारा :

उजाडला, उशिरा. पोराला ताप होता.

तुमचा प्रश्न मला आवडला. फरक असा की चिपळूणला पाणी ओसरलं की साताऱ्याहून, कोल्हापुरातून, पुण्याहून गाड्या आल्या. एनडीआरएफ आली, पाण्याचे टँकर आले, भाकऱ्या आल्या. बेटाला "शेजारच्या जिल्ह्यातून मागवू" हेच नाही. न्यूझीलंडची पेट्रोल-डिझेल शुद्ध करणारी एकुलती रिफायनरी, मार्सडेन पॉइंटची, २०२२ ला बंद झाली, आता तयार इंधन बोटीने येतं आणि मोजक्या बंदरांत उतरतं. जलविद्युत मुख्यतः दक्षिण बेटावर, वस्ती उत्तरेत जास्त, मध्ये कुक सामुद्रधुनी. १९६५ पासून तिच्या तळाशी केबली टाकून वीज पलीकडे नेतात. माणसं आणि ट्रक फेरीबोटीने. म्हणजे धागे थोडे आणि प्रत्येक धाग्यावर भार खूप. अभ्यासाला हे सोयीचं पडतं, कारण अख्खा देश एका भिंतीवरच्या नकाशात मावतो आणि कुठला धागा तुटला की कुठे अंधार हे दाखवता येतं. महाराष्ट्राचं तसं करायचं तर भिंत पुरणार नाही.

कायकोउराचं सांगतो, आमच्या फील्ड ट्रिपमधली दुसरी जागा. १४ नोव्हेंबर २०१६, मध्यरात्र उलटून दोन मिनिटं, ७.८ चा भूकंप. गाव समुद्र आणि डोंगराच्या बेचक्यात, आपल्या कशेडी-परशुराम घाटासारखा रस्ता समजा पण खालून समुद्र. हायवे आणि रेल्वे शेजारी शेजारी जातात, दोन्हींवर डोंगर येऊन बसला. हायवे वर्षभराने, १५ डिसेंबर २०१७ ला उघडला. तोवर क्राइस्टचर्चकडे येणारे उत्तरेचे ट्रक आत डोंगरातून लुईस पासने, ज्या रस्त्याला एवढी अवजड वाहतूक कधी माहीतच नव्हती. गावात शेकडो पर्यटक अडकले. त्यांना जेवायला कोणी घातलं, तर टाकाहांगा मराएने. मराए म्हणजे माओरी लोकांची सामायिक जागा, आपल्याकडे देवळाचा सभामंडप आणि गावकीचं स्वयंपाकघर एकत्र केलं तर जे होईल ते. फ्रीजर बंद पडलेले, मासा खराब होणार, म्हणून लोकांना क्रेफिश (आपल्या शेवंडीसारखा) वाढला, हॉटेलात खायला गेलात तर खिसा रिकामा होईल तो. कायकोउरा ह्या नावाचा अर्थच 'क्रेफिश खाणं'! सरांनी फळ्यावर 'महत्त्वाच्या पायाभूत सुविधा' असं लिहून आम्हाला यादी करायला लावली, आम्ही वीज-पाणी-फोन-रस्ते लिहिलं, त्यांनी खाली लिहिलं 'मराए, दोनशे माणसांचं भांडं'. तेव्हा मला आमच्या मिरजेच्या पुरातली मंगल कार्यालयं आठवली. तिथे कोणी रेझिलियन्स म्हणत नाही, पण मोठी पातेली कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं.

फेब्रुवारी २०२३ ला गॅब्रिएल वादळ आलं तेव्हा मी नोकरीत होतो, ते तर तुमच्या चिपळूणची कार्बन कॉपी. नेपियरजवळचं रेडक्लिफचं सबस्टेशन नदीच्या पुरात बुडालं, शहराची वीज गेली. पूल वाहून गेले. आणि पुलांना काय लटकलेलं असतं? फायबर केबल, पाण्याची लाईन, सगळंच, कारण नदी ओलांडायला तेवढीच जागा. तेव्हा पुलाबरोबर फोन पण गेला. टॉवर बॅटऱ्यांवर थोडे तास चालले, मग बंद. इथे भाजीवाल्याकडेही कार्डच चालतं, मशीन बंद म्हटल्यावर खिशात नोट नसलेली माणसं दुकानासमोर उभी. ह्या अशा जागांना, जिथे चार जणांचं एकत्र बांधलेलं असतं, लाइफलाइन्सवाले 'हॉटस्पॉट' म्हणतात, आणि अभ्यासात आम्ही आठवडेच्या आठवडे तेवढेच शोधत होतो. तुमच्या गावचे पूल डोळ्यासमोर आणा आणि खालून काय काय गेलंय मोजा. वाशिष्ठी नदीवरचा जुना पूल २०२१ च्या पुरात कसा खचला ते तुम्हाला मी काय सांगणार.

आता रोजचं. वेलिंग्टनमध्ये आम्हाला सांगून ठेवलंय की सात दिवसांचं पाणी स्वतः साठवा, माणशी रोज २० लिटर. कारण शहराला पाणी आणणाऱ्या मोठ्या लाईनी जमिनीतल्या भूकंपाच्या भेगेवरूनच येतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि लपवत कोणी नाही. माझ्या मागच्या अंगणात २०० लिटरची टाकी आहे, बायकोने तिच्यावर तुळस ठेवलीये. समुद्राजवळच्या रस्त्यांवर निळ्या रेघा मारल्यात, सुनामी आली तर ह्या रेघेच्या वर जा. पोराला बालवाडीत शिकवलंय, हादरा लांबला किंवा जोरात बसला तर कोणाची वाट न बघता डोंगरावर पळ. आईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच द्या, भूकंप येणार हे तिथे धरूनच चालतात. आल्पाइन फॉल्ट नावाची मोठी भेग शेवटची १७१७ ला सरकली, आणि पुढच्या ५० वर्षांत परत सरकण्याची शक्यता ७५ टक्के असं शास्त्रज्ञ सांगतात. ही बातमी वाचून लोक घाबरून गेले नाहीत, त्याची रंगीत तालीम करतात.

उपयोगाचं. प्रबंधाला विषय स्वतःचा नेता येतो का हे अर्ज करायच्या आधी प्राध्यापकांना मेल करून विचारा, बरेच जण हो म्हणतात. जायच्या आधी तुमच्या फिटरमामांना मोटरसायकलवर मागे बसवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, पंपहाऊस, डीपी, टॉवर जीपीएसवर टिपून घ्या. पुराचं पाणी कुठे किती चढलं ते भिंतींवर अजून दिसतं, त्याची उंची टेपने मोजा. क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) शिका, फुकट आहे, थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिका. एवढं हातात असेल तर तुम्ही वर्गात आमच्या सगळ्यांच्या पुढे असाल, आमच्यातले निम्मे पूर फक्त स्क्रीनवर बघितलेले होते.

जुना_फीडर :

फिटरमामांना नेताना खिशात साखरेच्या पुड्या आणि बिस्किटं ठेवा. हे मस्करीत लिहीत नाही.

आणि डीपी टिपताना खांबावरचा नंबर पण लिहून घ्या, नुसतं ठिकाण नको. रंग उडालेला असेल तर गावच्या लाईनमनला विचारा. तो म्हणेल "कशाला पाहिजे", तेव्हा माझं नाव नका सांगू, चहा पाजा.

वाशिष्ठी_९५ :

काका, नोंद केली, दोन्हीची.

ह्या रविवारपासून सुरू करतेय, मामा तयार झालेत, फक्त म्हणाले की हेल्मेट तुझ्या बाबांचं नको, वास येतो.

शेवटचा अगदीच फालतू प्रश्न दक्षिणवारा, हसू नका. माझे साइटवरचे बूट आहेत, पुरातले, चांगले मजबूत आहेत, तिथे फील्डला चालतील का की नवीन घेऊ?

दक्षिणवारा :

चालतील, पण एकूण एक खाचेतली माती टोकदार काडीने काढून, धुऊन, वाळवून आणा आणि देशात शिरताना जो फॉर्म भरावा लागतो त्यावर बूट आहेत म्हणून खूण करा. बाहेरची माती ह्या देशात येऊ देत नाहीत, बी-बियाणं, किडे काय येईल सांगता येत नाही म्हणून. मी मिरजेचे बूट तसेच आणले होते. कस्टम्सच्या बाईने प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उलटे धरून बघितले, आत नेले, वीस मिनिटांनी स्वच्छ धुऊन ओले बूट हातात दिले आणि हसून म्हणाली, नेक्स्ट टाइम तू धू.

मध आणू नका, काढून घेतात. गोडा मसाला सीलबंद असेल तर आणा, तोही फॉर्मवर लिहून. जमलं तर दोन पाकिटं.